नागपूरची राधिका, अकोल्याची शनाया

खामगावात कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये किंवा अमरावती विद्यापीठाच्या युवा महोत्सवात एखाद्या पोरीनं जीव ओतून काम केलं, की प्रेक्षकांतली एखादी मावशी हमखास म्हणते, "हिले मालिकेत टाका बापा!" पण टाकायचं कोणी, कुठे आणि कसं, हे मावशीला ठाऊक नसतं, मुलीच्या आईवडिलांना नसतं आणि पुष्कळदा नाटक बसवणाऱ्या सरांनाही नसतं. रोज संध्याकाळी जेवणाच्या ताटासमोर ज्या घरांत आपण डोकावतो, त्या घरांतली माणसं तिथे पोचली कशी, याविषयी आपल्या भागात सगळा कारभार ऐकीव. कोणी म्हणतं ओळख लागते, कोणी म्हणतं पैसा लागतो, कोणी सगळं नशिबावर सोडून देतं. आपल्याकडच्या गुणी मुलांची त्यामुळे फार हानी होते, असं मला मनापासून वाटतं. म्हणून हा आढावा.

नटाची निवड हा विषय आपल्या गावाला परका नाही. नाटककार श्रीपाद कृष्ण कोल्हटकर वकिलीच्या निमित्ताने जळगाव-जामोदला आणि खामगावला राहिले. खामगावात त्यांच्या नावाचं स्मारक मंदिर आहे. त्यांचं 'वीरतनय' १८९६ साली किर्लोस्कर मंडळींनी रंगभूमीवर आणलं. त्या काळी नट निवडायची रीत सोपी होती, आधी गळा बघायचा. अण्णासाहेब किर्लोस्करांनी भाऊराव कोल्हटकरांना बडोद्याहून आणलं ते आवाजासाठी, आणि १९०५ साली बालगंधर्व मंडळीत आले तेही आवाजाच्या जोरावर. रूप, अभिनय, शुद्ध उच्चार हे पुढे मंडळीत राहून घडायचं. नट घडवायला कंपनीकडे वेळ होता. आजच्या दैनंदिन मालिकेकडे नेमका तोच नाही, आणि आजची निवड जशी होते तशी का होते, याचं निम्मं उत्तर त्यात आहे.

दूरदर्शनच्या दिवसांत मराठी मालिका आठवड्याला एक भाग या चालीने चालायच्या आणि तेरा भागांत आटपायच्या. दिग्दर्शक आपल्या ओळखीतले नाटकवाले बोलवायचा. कोणाचा प्रयोग कोणत्या दिवशी आहे ते पाहून चित्रीकरण लागायचं. १९९७ साली सह्याद्रीवर 'दामिनी' आली, प्रतीक्षा लोणकर घराघरांत पोचल्या आणि रोज दिसणाऱ्या मराठी नायिकेची सवय लागली. १९९९ मध्ये अल्फा मराठी सुरू झाली, तिच्यावर 'आभाळमाया' आली. सुकन्या कुलकर्णी आणि मनोज जोशी दोघंही रंगभूमीवर मुरलेले. २००१ मध्ये ई टीव्ही मराठीवर 'चार दिवस सासूचे' सुरू झालं ते दशकभर, तीन हजारांहून जास्त भाग चाललं. त्यात सासूच्या भूमिकेत रोहिणी हट्टंगडी होत्या. राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकलेल्या, 'गांधी' चित्रपटात कस्तुरबा साकारलेल्या. त्या पिढीत निवड म्हणजे रंगभूमीवरून माणूस उचलणं. वाहिन्या वाढल्या, रोज अर्धा-अर्धा तास भरायची वेळ आली, तेव्हा रंगभूमी पुरेना. मग निवड करणं हाच एक स्वतंत्र धंदा झाला. हॉलिवूडच्या ऑस्कर पुरस्कारांत या कामासाठी वेगळा विभाग करायची घोषणा व्हायलाही २०२४ साल उजाडलं, इतकं हे काम सगळीकडेच पडद्याआड राहिलेलं.

आता ते प्रत्यक्षात चालतं कसं, ते जरा सावकाश पाहू.

वाहिनी कथाकल्पना मंजूर करते, ती निर्मिती संस्थेकडे येते. लेखक प्रत्येक पात्राचा परिचय लिहून देतो: वय, घरातलं स्थान, बोलणं, स्वभाव. कास्टिंग करणारा, म्हणजे नट निवडणारा, त्यावरून माणसं शोधायला लागतो. व्हॉट्सॲपच्या गटांवर निरोप फिरतो, 'मुलगी हवी, वय बावीस ते सव्वीस, मराठी स्वच्छ, साडीत शोभणारी.' ऑडिशनला गेलं की कॅमेऱ्यासमोर आधी नाव, वय, उंची, गाव सांगायचं, डावी-उजवी बाजू दाखवायची, हात दाखवायचे. मग दोन-तीन पानांचा प्रवेश, बहुधा तासाभरापूर्वी हातात पडलेला. समोरून वाक्यं वाचणारा माणूस कोरडं वाचत असतो आणि आपल्याला त्याच्याकडे नवरा किंवा सासू म्हणून बघायचं असतं. ते चित्रीकरण दिग्दर्शकाकडे जातं, त्यातून निवडलेले चार-सहा चेहरे वाहिनीच्या माणसांसमोर जातात. शेवटचा शब्द बहुतेक वेळा वाहिनीचा. त्यानंतर लूक टेस्ट: साडी, कुंकू, केस, मंगळसूत्र. काही ठिकाणी मॉक शूट, म्हणजे खऱ्यासारखं एक दृश्य प्रकाशयोजनेसह चित्रित करून बघणं.

इथली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. कौटुंबिक मालिकेत आधी घर जुळवतात, मग त्यातली माणसं पक्की होतात. हे बरंचसं लग्नाचं स्थळ बघण्यासारखं आहे. मुलगी सुरेख असते, मुलगा भला असतो, आणि तरी शेजारी उभे केले की दोन्हीकडची मंडळी गप्प होतात. नायिका ठरली की तिच्या उंचीचा नायक हवा. नायक ठरला की त्याची आई शोभेल अशी बाई हवी, मग पडद्यावरच्या आई-मुलाच्या वयात खरं अंतर फार नसलं तरी चालतं. बहिणी बहिणी वाटायला हव्यात, पण एकीला बघून दुसरी आठवावी इतक्याही सारख्या नकोत. नव्या चेहऱ्याची नायिका घेतली तर सासू ओळखीची घेतात, म्हणजे पहिल्या आठवड्यात प्रेक्षक निदान तिच्यासाठी थांबेल. म्हणून नकार आला की 'आपल्याला अभिनय येत नाही' असं मनाला लावून घेणाऱ्या मुलांना मी कळकळीनं सांगेन, की नकाराचं कारण तुमची दोन इंच उंची असू शकतं. कोणी ते तुम्हाला सांगणार नाही, कारण सांगायला कोणाला वेळ नसतो.

दुसरी गोष्ट कॅमेऱ्याची. रंगमंचावर शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायचा असतो. मालिकेत एकच प्रवेश आधी सगळ्यांना धरून घेतात, मग एकेकाच्या चेहऱ्यावर कॅमेरा लावून तोच पुन्हा, मग नुसत्या प्रतिक्रिया. घरात आठ माणसं असली तर सातजण एका वाक्यासाठी सात वेळा दचकतात. संवाद त्याच दिवशी सकाळी हातात आलेले असतात. अशा वेळी जो नट न बोलता उभा राहून ऐकू शकतो, तो उपयोगी. ऑडिशनमध्ये जाणकार माणूस तुमच्या वाक्यांइतकंच समोरच्याचं वाक्य चालू असताना तुमचे डोळे काय करतात ते बघतो. राज्य नाट्य स्पर्धेत बक्षिसं मिळवलेले आपल्याकडचे कित्येक नट इथे पडतात. ते वाईट नट नसतात, फक्त कॅमेऱ्यासमोर गप्प बसायची सवय त्यांना कोणी लावलेली नसते.

तिसरी गोष्ट तारखांची. प्रमुख भूमिकेला महिन्याचे वीस-पंचवीस दिवस द्यावे लागतात, दिवस बारा-तेरा तासांचा असतो, चित्रीकरण गोरेगाव, मढ किंवा ठाण्याच्या घोडबंदर रस्त्याकडे. मानधन दिवसावर ठरतं आणि हातात यायला तीन महिने लागणं ही या धंद्याची नेहमीची चाल. पहिले तीन महिने मुंबईत भाड्याची खोली आणि लोकलचा पास स्वतःच्या खिशातून सांभाळू शकेल, तोच टिकतो. मुंबई-पुण्यातल्या मुलांना ही अडचण निम्मी. खामगावच्या मुलाला शेगावहून रात्रभर रेल्वेत बसून साडेपाचशे किलोमीटर जायचं, पाच मिनिटांची ऑडिशन द्यायची आणि परत यायचं. असं चार वेळा केलं की शेतकरी बापाचा धीर सुटतो. त्यात बापाचा काही दोष नाही.

मग भाषा. झी मराठीवर २०१६ ते २०२१ 'माझ्या नवऱ्याची बायको' चालली. तिची नायिका राधिका नागपूरची, तिकडच्या बोलीत बोलणारी, मुंबईत संसार थाटलेली. ती भूमिका अनिता दाते यांनी केली. त्या मूळच्या नाशिकच्या, पुण्याच्या ललित कला केंद्रात शिकलेल्या. त्यांनी ती बोली मेहनतीनं उचलली, राधिकेला स्वाभिमान दिला, आणि विदर्भाची बोली बोलणारी बाई मालिकेची नायिका होऊ शकते हे सिद्ध केलं. त्याच मालिकेत मुंबईची, तोऱ्यात बोलणारी शनाया पहिल्यांदा कोणी केली? रसिका सुनील यांनी, आणि त्यांचा जन्म अकोल्याचा. म्हणजे खामगावपासून तासाभराच्या अंतरावर जन्मलेली मुलगी शहरी खलनायिका झाली आणि नाशिकची अभिनेत्री नागपूरची सून. नायक अभिजीत खांडकेकरही नाशिकचे, 'महाराष्ट्राचा सुपरस्टार' या झी मराठीच्या स्पर्धेतून पुढे आलेले. मला या निवडीत काही चुकीचं दिसत नाही. नटानं आपलं गाव सोडून दुसऱ्याचं गाव अंगावर घ्यावं, हेच तर त्याचं काम. आपल्या मुलांनी यातून घ्यायचं ते असं: घरच्या बोलीबरोबर प्रमाण मराठीही तोंडात बसलेली हवी. ती बसली की वऱ्हाडीची गरज नसलेल्या नव्वद भूमिकाही तुमच्यासाठी उघड्या होतात. नागपूरचे डॉ. गिरीश ओक 'अग्गंबाई सासूबाई'मध्ये अभिजीत राजे म्हणून दिसले तेव्हा ते कुठल्या गावचे असा प्रश्न कोणाला पडला नाही.

पण नाण्याची दुसरी बाजूही बोललीच पाहिजे. २०१६ मध्ये 'रात्रीस खेळ चाले' सिंधुदुर्गात चित्रित झाली आणि मालवणी बोलणारे कितीतरी नट त्यात आले. 'तुझ्यात जीव रंगला'नं कोल्हापूरला, 'लागिरं झालं जी'नं साताऱ्याला तेच दिलं. मालिका गावात आली की काका, शेजारीण, दुकानदार, सरपंच गावातून मिळतात, आणि त्यातला एखादा पुढच्या मालिकेत मोठा होतो. 'लागिरं'मधला किरण गायकवाड 'देवमाणूस'चा नायक झाला. वऱ्हाडाच्या वाट्याला हे तितकंसं आलेलं नाही. कारण हिशेबाचं आहे. दैनंदिन मालिकेकडे पुढचे भाग फार साठलेले नसतात, नटाचा प्रवासात गेलेला एक दिवस परवडत नाही, आणि सातारा-कोल्हापूर मुंबई-पुण्याला जवळ. त्यामुळे वऱ्हाडी माणूस पडद्यावर दिसतो तो बहुधा विनोदी कार्यक्रमात. भारत गणेशपुरे यांनी 'चला हवा येऊ द्या'मध्ये आपल्या बोलीला जे प्रेम मिळवून दिलं त्याचा मला अभिमानच आहे. पण वऱ्हाडी आई रडली तरी प्रेक्षक हसायच्या तयारीत बसतो, ही सवय मोडायला हवी. आमच्याकडे कापसाचा भाव पडला की घरात जी शांतता पसरते, ती आमच्या बोलीत अजून मालिकेत यायची आहे.

चित्रपटवाले इथे पुढे गेले. नागराज मंजुळे यांनी 'फँड्री', 'सैराट' आणि नागपूरच्या 'झुंड'साठी त्या-त्या मातीतली मुलं घेतली. मालिकेला तेवढी सवड नसते हे खरं, तरी निदान शोधाचा पहिला फेरा आपल्याकडे व्हायला काय हरकत आहे?

२०२०च्या टाळेबंदीनं एक दार मात्र उघडलं: सेल्फ टेप. घरीच प्रवेश चित्रित करून पाठवायचा. त्यासाठी महागडा कॅमेरा लागत नाही. मोकळी भिंत, खिडकी समोरून, मोबाईल डोळ्यांच्या उंचीवर घट्ट टेकवलेला, पंखा आणि कूलर बंद, आणि समोरून वाक्यं वाचायला एक मित्र, तोही हळू आवाजात, नाहीतर त्याचाच आवाज जास्त येतो. पाहिलेल्या मालिकेतली नक्कल पाठवू नका. दिलेला प्रवेशच करा, एकदा सांगितल्याप्रमाणे आणि एकदा आपल्या समजुतीप्रमाणे. पहिलं काम नर्सचं, ऑफिसातल्या मैत्रिणीचं, दोन दिवसांचं आलं तरी घ्या. 'आई कुठे काय करते'मध्ये संजनाची भूमिका दीपाली पानसरेंकडून रुपाली भोसलेंकडे गेली, तशा बदलाच्या वेळी हाताशी वेळ नसतो आणि ज्याचं काम सेटवर पाहिलेलं आहे त्यालाच आधी फोन जातो.

समाजमाध्यमांचाही उपयोग होतो. 'माझी तुझी रेशीमगाठ'मधली मायरा वायकुळ आधी रील्समधून लोकांना माहीत झाली होती. तिला बघून आपल्याकडच्या कित्येक आयांना उमेद आली. त्यांनी कायदा माहीत करून घ्यावा. २०१७ च्या नियमांप्रमाणे बालकलाकारासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांनी विश्रांती, सलग सत्तावीस दिवसांवर काम नाही, आणि मिळकतीचा किमान वीस टक्के भाग मुलाच्या नावे बँकेत मुदत ठेवीत.

आता पैशाचं. कास्टिंग करणाऱ्याची फी निर्मिती संस्था देते. काम मिळाल्यावर ते मिळवून देणारा समन्वयक मानधनातून टक्केवारी घेतो, ते रीतसर आहे. पण ऑडिशनसाठी, नोंदणीसाठी, 'वाहिनीत फाइल पुढे सरकवायला' किंवा ठरावीक ठिकाणीच फोटो काढून घ्यायला कोणी आधी पैसे मागितले, तर तो माणूस मालिकेचा नाही. रात्री हॉटेलात बोलावणारा तर नाहीच. मुलीबरोबर पहिल्या दोन-तीन वेळा घरचं कोणी जावं, त्यात कमीपणा नाही. खरी माणसं त्याला हरकत घेत नाहीत.

शेवटी वाहिन्यांना आणि निर्मात्यांना एक विनंती. अकोला, अमरावती किंवा खामगाव, तुम्हाला सोयीचं असेल तिथे वर्षातून एकदा दोन दिवसांच्या खुल्या ऑडिशन ठेवा. सभागृह आम्ही देऊ, प्रवेश वाचायला माणसं देऊ, निवड तुम्ही करा. कोजागरीपासून खामगावात मोठ्या देवीचा उत्सव असतो, सगळा तालुका गावात असतो. त्या आठवड्यात या.