शांत सिक्लिड माशांचे सोबती निवडताना

शोभेचे मासे पाळण्याची हौस आता मोठ्या शहरांपुरती राहिलेली नाही. तालुक्याच्या गावी शाळेच्या दालनात, दवाखान्याच्या प्रतीक्षागृहात, क्वचित एखाद्या कार्यालयातही काचेची टाकी दृष्टीस पडते. टाकी येते त्या दिवशी दुकानात जे जे सुंदर दिसेल त्याची एकेक जोडी घेतली जाते. दोन एंजल, दोन गोल्डफिश, चार निऑन टेट्रा, दोन पट्टेरी टायगर बार्ब आणि काच स्वच्छ राहावी म्हणून एक सकर मासा. पंधरवडा उलटत नाही तोच निऑन दिसेनासे होतात, एंजलचे लांब पर कुरतडलेले आढळतात आणि गोल्डफिश सुस्तावून तळाशी बसतो. दोष पाण्याला तरी दिला जातो किंवा दुकानदाराला. पुष्कळदा खरे कारण चुकीचा शेजार हेच असते.

एंजल हा सिक्लिड कुळातील मासा होय. आफ्रिका, दक्षिण व मध्य अमेरिका, मादागास्कर, श्रीलंका आणि भारत येथे पसरलेल्या या कुळात सतराशेच्या आसपास जाती ज्ञात आहेत. त्यांतील मूळच्या भारतीय जाती अवघ्या तीन. त्यांपैकी एक गोमंतकीयांच्या चांगल्या परिचयाची, म्हणजे खाजनातील व खाडीतील काळुंदर. तिच्या शास्त्रीय नावात सुरत शहराचे नाव गुंफलेले आहे, याची ताटात काळुंदर वाढून घेणाऱ्यास सहसा कल्पना नसते. दुसरी जात नारिंगी क्रोमाइड ही कर्नाटक-केरळच्या किनाऱ्यावर व श्रीलंकेत आढळते. ती जेमतेम ८ सेंटिमीटर वाढते व घरगुती टाकीस अत्यंत योग्य आहे. तिसरी जात कानडा प्रदेशातील नद्यांत सापडते. आफ्रिकेतून १९५२ साली भारतात आणलेली तिलापिया हीही याच कुळातील. परंतु तिची भरमसाट वीण व दांडगा स्वभाव पाहता तिला शोभेच्या टाकीपासून दूर ठेवलेलेच बरे.

सिक्लिडांत भांडखोर जाती पुष्कळ आहेत. एंजल, डिस्कस, रॅम, क्रिबेन्सिस आणि नारिंगी क्रोमाइड या त्या मानाने शांत समजल्या जातात. मात्र शांत याचा अर्थ निरुपद्रवी असा नव्हे. आपल्या तोंडात मावेल असा कोणताही जीव हे मासे भक्ष्यच समजतात. निऑन टेट्रा तीन-चार सेंटिमीटरांचा, सडपातळ मासा. एंजल लहान असेतो दोघे गुण्यागोविंदाने नांदतात. परंतु एंजल वाढून १५ सेंटिमीटरांपर्यंत पोहोचतो आणि मग एके सकाळी निऑनची संख्या कमी भरते. यात एंजलचा काही दुष्टपणा नाही. अॅमेझॉनच्या खोऱ्यातही तो लहान मासे खाऊनच जगतो. सोबती निवडताना माशाची दुकानातील लांबी न पाहता त्याची पूर्ण वाढीची लांबी विचारून घ्यावी.

त्याआधी पाहावयाचे ते पाणी. एकाच पाण्यात सुखाने राहू शकतील अशाच जाती एकत्र ठेवता येतात, ही अट स्वभावाहूनही महत्त्वाची आहे. एंजलला २४ ते २८ अंश सेल्सिअसचे, डिस्कसला त्याहूनही उष्ण, २८ ते ३० अंशांचे पाणी मानवते. गोल्डफिश हा थंड पाण्याचा मासा. एंजलच्या टाकीत त्याला उकाडा होतो आणि तो घाणही फार करतो. पाणी मृदू की जड हे पाहण्यास प्रयोगशाळेची आवश्यकता नाही. साबणास भरपूर फेस आला तर पाणी मृदू, फेस न येता साका धरला तर जड. जांभ्या दगडाच्या प्रदेशातील विहिरींचे पाणी सामान्यतः मृदू असते. ते रॅम, डिस्कस, एंजल यांस अनुकूल. काळ्या पाषाणातील कूपनलिकांचे पाणी बहुधा जड असते. तेथे रॅम व डिस्कस यांच्या नादी न लागणे शहाणपणाचे. जड पाणी मानवते म्हणून काही दुकानदार आफ्रिकेतील मलावी सरोवराचे रंगीबेरंगी मासे सुचवितात. ते दिसतात देखणे, पण त्यांचा कलह एंजलला एक आठवडाही सोसवत नाही.

नारिंगी क्रोमाइडची गोष्ट निराळी. ती गोड्या पाण्यात राहते, तशी मचूळ पाण्यातही राहते. मचूळ पाण्यात ती अधिक निरोगी दिसते म्हणून टाकीत थोडे मीठ घालावयाचे असेल, तर टेट्रा व कोरिडोरस यांना तेथे स्थान नाही. मोली मात्र आनंदाने राहते. केवळ गोडे पाणी ठेवावयाचे तर सह्याद्रीच्या ओढ्यांतील डॅनियो व लांब पराचे फिलामेंट बार्ब हे चपळ मासे तिला उत्तम सोबत करतात. डेनिसन बार्ब हाही सह्याद्रीचाच देखणा मासा, परंतु परदेशी बाजारासाठी झालेल्या पकडीमुळे तो संकटात आला आहे. पैदास केंद्रात वाढलेला असल्याची खात्री नसेल तर तो घेऊ नये. काळुंदर आणि क्रोमाइड यांचे नाते तर मोठे गमतीचे आहे. निसर्गात क्रोमाइड ही काळुंदरीच्या अंगावरील परोपजीवी टिपून तिची सेवा करते आणि संधी मिळताच तिचीच अंडी व पिले फस्त करते. तथापि काळुंदर २० सेंटिमीटर सहज वाढते आणि पाणवनस्पती आवडीने खाते. तिला खाजनातच राहू द्यावे.

एंजलसाठी मोती गुरामी हा संथ मासा, पाच सेंटिमीटरांच्या आसपास वाढणारा लेमन टेट्राचा सहा-आठांचा थवा आणि तळाशी कोरिडोरसची लहानशी टोळी असे कुटुंब चांगले जमते. टायगर बार्बला लांब पर कुरतडण्याची खोड आहे, म्हणून तो नको. गप्पी एंजलच्या पोटात जातात. थव्याने राहणारे मासे एकटे-दुकटे आणू नयेत. थवा लहान असला की ते बुजरे तरी होतात किंवा खोडकर तरी. उलट असा थवा मोकळेपणाने पोहत असला की सिक्लिडांनाही धीर येतो आणि आडोशास दडून बसणारी जोडी बाहेर येऊ लागते.

सर्वांत अवघड काळ विणीचा. कालपर्यंत गरीब दिसणारी एंजलची जोडी पानावर किंवा काचेवर अंडी घातल्यापासून अर्धी टाकी आपल्या ताब्यात घेते व इतरांना कोपऱ्यात कोंडते. दोन-तीन दिवसांत अंडी उबतात, आठवड्याभरात पिले पोहू लागतात, तोवर हा पहारा चालतो. क्रिबेन्सिस तळाशी कपारीत वीण घालते. तिच्याबरोबर कोरिडोरस ठेवल्यास तो बिचारा हद्द न ओळखता पुनःपुन्हा तेथेच जातो, मार खातो आणि रात्री अंडीही खातो. म्हणून तळाच्या सिक्लिडास वरच्या थरातील सोबती द्यावा. टाकी ३ फूट लांब, १ फूट रुंद व दीड फूट उंच असेल तर सुमारे १२५ लिटर पाणी मावते. एवढ्यात एंजलची एकच जोडी व थोडे सोबती पुरेत. दोन फुटी टाकीत रॅमची किंवा क्रोमाइडची जोडी ठेवावी, एंजल नव्हे.

राहिला सकर मासा. तीन इंचांचा, काचेस चिकटलेला हा जीव दीड फुटांपर्यंत वाढू शकतो. टाकीत मावेनासा झाला की दयाबुद्धीने त्याला तळ्यात किंवा नदीत सोडले जाते. मूळच्या दक्षिण अमेरिकेतील या माशाने आंध्र प्रदेश, पश्चिम बंगाल व केरळ येथील जलाशयांत अशाच रीतीने ठाण मांडले आहे. तो काठात बिळे करतो, स्थानिक माशांचे खाद्य संपवितो आणि त्याच्या काटेरी परांनी मच्छीमारांची जाळी फाटतात. ज्याच्या घरी टाकी नाही, त्यालाही या हौसेची किंमत मोजावी लागते. काचेवरील शेवाळ हाताने घासून काढता येते. त्यासाठी सकरची गरज नाही. नको झालेला कोणताही मासा दुकानदारास परत द्यावा वा दुसऱ्या हौशी माणसास द्यावा. विहीर, तळे, ओढा यांत सोडू नये.

नवी टाकी भरल्यावर पाण्यात उपयुक्त जीवाणू स्थिरावण्यास चार ते सहा आठवडे लागतात. त्या अवधीत दोन-तीन काटक मासेच ठेवावेत. पुढे आणलेला प्रत्येक मासा दोन आठवडे वेगळ्या भांड्यात ठेवून पाहावा, म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचा रोग टाकीत शिरत नाही. थव्याचे मासे आधी सोडावेत आणि सिक्लिडची जोडी सर्वांत शेवटी, टाकीवर तिने हक्क सांगण्यापूर्वी इतरांनी आपापली जागा धरलेली असेल अशा बेताने.