मैत्री आणि बरोबरी

दोन माणसांची मैत्री व्हावी आणि टिकावी यासाठीं त्यांच्यांत बरोबरी असणें अवश्य आहे काय? शाळेंत एका बाकावर बसणारे दोन मुलगे असतात. पुढें त्यांतला एक मोठ्या हुद्द्यावर चढतो, दुसरा कारकुनी करीत राहतो. वीस वर्षांनीं त्यांची गांठ पडते, तेव्हां 'अरे' म्हणावें कीं 'अहो' म्हणावें याचा निर्णय दोघांनाहि चटकन् करतां येत नाहीं. प्रसंग लहान आहे. परंतु त्यांतला प्रश्न महाभारताएवढा जुना आहे.

महाभारताच्या आदिपर्वांत तो द्रोण आणि द्रुपद यांच्या कथेंत आलेला आहे. द्रुपद हा पांचालांचा राजपुत्र, द्रोण हा भरद्वाज ऋषींचा मुलगा. दोघांचें बालपण आणि विद्याभ्यास एकत्र झाला. पुढें द्रुपद राजा झाला. द्रोणाला मात्र आपल्या मुलाला दूध पाजण्याचेंहि सामर्थ्य नव्हतें. दारिद्र्यानें गांजून तो द्रुपदाच्या दारीं गेला आणि त्यानें त्याला मित्र म्हणून हांक मारली. राजाची आणि दरिद्री माणसाची मैत्री कसली, ती बरोबरीच्यांतच शोभते, अशा आशयाचें उत्तर देऊन द्रुपदानें त्याला झिडकारलें. द्रोणानें हा अपमान गिळला नाहीं. कौरवपांडवांना अस्त्रविद्या शिकविल्यावर गुरुदक्षिणा म्हणून त्यानें द्रुपदालाच बांधून आणविलें. गंगेच्या उत्तरेचें अर्धें राज्य त्यानें स्वतःकडे ठेवलें, दक्षिणेचें परत केलें, आणि आतां आपण बरोबरीचे झालों, तेव्हां मित्र होण्यास हरकत नाहीं, असें सांगितलें. हिशेब बिनचूक होता. पण मैत्री कांहीं झाली नाहीं. द्रोणाचा वध करणारा पुत्र व्हावा म्हणून द्रुपदानें यज्ञ केला, त्यांतून धृष्टद्युम्न जन्मला, आणि कुरुक्षेत्रावर द्रोणाचें शिर त्याच्याच हातून उडालें. बरोबरी नाहीं म्हणून मैत्री नाहीं, हें द्रुपदाचें म्हणणें; बरोबरी झाली म्हणजे मैत्री होते, हें द्रोणाचें. दोघांचीहि समजूत सारखीच चुकीची होती.

ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल (इ. स. पूर्व ३८४–३२२) यानें या प्रश्नाचा अधिक पद्धतशीर विचार केला आहे. त्याच्या नीतिशास्त्रावरील दहा भागांच्या ग्रंथांत न्यायाला एक भाग आहे, तर मैत्रीला आठवा आणि नववा असे दोन. मैत्री तीन कारणांनीं जुळते असें तो सांगतो: उपयोगासाठीं, सुखासाठीं आणि सद्गुणासाठीं. व्यापारांतले भागीदार पहिल्या प्रकारांत येतात, गप्पांच्या बैठकींतले सोबती दुसऱ्या. उपयोग सरला किंवा रस आटला कीं हीं नातीं सुटतात. तिसऱ्या प्रकारांत मित्राचें भलें मित्रासाठींच इच्छिलेलें असतें. अशी मैत्री विरळा आणि तिला वेळहि फार लागतो. पुष्कळ मीठ एकत्र खाल्ल्यावांचून माणूस माणसाला कळत नाहीं, ही जुनी म्हण त्यानें येथें आठवली आहे. लहानमोठ्यांतहि मैत्री असूं शकते हें त्याला मान्य आहे. मात्र अंतर अतिशय वाढलें, जसें मनुष्य आणि देव यांच्यांत असतें, तर ती उरत नाहीं. त्यांतूनच त्याला एक विलक्षण शंका येते. मित्रानें देवपदाला पोहोंचावें असें मित्राला खरोखर वाटेल काय? तसें झालें तर तो आपला मित्र राहणारच नाहीं!

नेमका हाच पेंच गीतेच्या अकराव्या अध्यायांत उभा राहिलेला आहे. विश्वरूप पाहून अर्जुन घाबरतो आणि क्षमा मागूं लागतो. ज्याला नुसत्या नांवानें हांक मारली, ज्याची जेवतांबसतांना थट्टा केली, तो हा असा आहे, हें त्याला सोसवत नाहीं. ॲरिस्टॉटलच्या हिशेबानें मैत्री येथें संपावयास हवी होती. परंतु अर्जुन पूर्वीचें रूप मागतो आणि श्रीकृष्ण पुन्हां सौम्य मानवी रूप धारण करतो. अंतर खरें आहे, तें नाकारलेलें नाहीं. तें ओलांडण्याचें काम मात्र थोरल्यानें केलें आहे.

थोरल्यानें तें कसें करावें, याचें उत्तर भागवताच्या दशम स्कंधांत, ८० व ८१ या अध्यायांत, सुदाम्याच्या कथेंत मिळतें. मूळांत त्याचें नांवहि दिलेलें नाहीं. तो केवळ सांदीपनींच्या आश्रमांतला जुना सोबती, एक गरीब ब्राह्मण आहे. महाराष्ट्रांत कीर्तनकारांनीं त्याला घरोघर नेलें आणि 'सुदाम्याचे पोहे' हा शब्दप्रयोग मराठींत कायमचा रुजला. बायकोनें शेजाऱ्यांकडून मागून आणलेले चार मुठी पोहे फडक्यांत बांधून तो द्वारकेस जातो. श्रीकृष्ण त्याला आलिंगन देतो, त्याचे पाय धुतो, त्याला आपल्या मंचकावर बसवितो. रुक्मिणी त्याला वारा घालते. मग दोघे बोलतात तें वैभवाविषयीं नव्हे. लांकडें आणावयास गेलेले असतां वादळांत सांपडून रानांत घालविलेली ती एक रात्र त्यांना आठवते. पुढें श्रीकृष्ण विचारतो, माझ्यासाठीं काय आणलें? सुदामा लाजेनें मान खालीं घालतो, तेव्हां श्रीकृष्ण स्वतः तें गांठोडें ओढून घेतो आणि पोहे खातो.

कथेचें मर्म येथें आहे. श्रीकृष्ण पुढें देणारा झालाच, पण त्याआधीं तो घेणारा झाला. द्रुपदाला दारांत फक्त याचक दिसला. श्रीकृष्णाला भेट घेऊन आलेला मित्र दिसला. सुदाम्यानेंहि आपली बाजू राखली. तो कांहीं न मागतां, रिकाम्या हातानें आणि भरल्या मनानें परतला. घरीं पोहोंचेपर्यंत त्याला कशाचाच पत्ता नव्हता.

परंतु उदारपणें दिलें आणि कृतज्ञतेनें घेतलें, एवढ्यानें मैत्री पुरी होते असेंहि नाहीं. कुळ विचारून कर्णाची मानखंडना होत असतां दुर्योधनानें भर रंगभूमीवर त्याला अंगदेशाचा राजा केलें आणि मोबदला म्हणून केवळ त्याचें सख्य मागितलें. कर्ण तें विसरला नाहीं. तूं कुंतीचा ज्येष्ठ पुत्र आहेस, राज्य तुझेंच आहे, असें श्रीकृष्णानें सांगितलें तेव्हांहि तो ढळला नाहीं. निष्ठेचें याहून मोठें उदाहरण मिळणें कठीण. पण द्रौपदीला सभेंत ओढून आणलें त्या दिवशीं विरोधाचा आवाज काढला तो दुर्योधनाच्या धाकट्या भावानें, विकर्णानें. आणि कर्णानें विकर्णालाच गप्प बसविलें. दुर्योधनानें मित्राला राज्य दिलें, पण मित्राला थांबविण्याचा हक्क कर्णानें कधीं हातीं घेतलाच नाहीं.

रोमन पंडित सिसेरो यानें इ. स. पूर्व ४४ मध्यें लिहिलेल्या मैत्रीवरील संवादांत असाच एक दाखला दिला आहे. टायबेरियस ग्रॅकस याचा मित्र ब्लॉसियस याला चौकशींत विचारण्यांत आलें: ग्रॅकसनें कॅपिटॉलवरील मंदिराला आग लावावयास सांगितलें असतें तर? तो असें सांगताच ना, पण सांगितलें असतें तर लावली असती, असें तो म्हणाला. संवादांतला वृद्ध लीलियस हें उत्तर निंद्य मानतो. मित्राकडे लाजिरवाणें कांहीं मागूं नये, आणि त्यानें मागितलें तर करूं नये, हा मैत्रीचा पहिला नियम होय असें तो सांगतो.

तेव्हां मैत्रीला हवी असलेली बरोबरी ही संपत्तीची किंवा पदाची नव्हे. द्रोणानें राज्य मोजून ती आणूं पाहिली आणि ती हातीं लागली नाहीं. मोठ्याला लहानाकडून घेतां आलें पाहिजे आणि लहानाला मोठ्यास नको म्हणतां आलें पाहिजे. वीस वर्षांनीं भेटलेल्या त्या दोघांपुरतें बोलावयाचें तर, 'अरे' कीं 'अहो' हा वाद तसा गौण आहे. अधिकारी कारकुनाच्या दोन खोल्यांत जाऊन निःसंकोचपणें जेवतो काय, आणि अधिकाऱ्याचें चुकलें तर तें कारकून त्याला तोंडावर सांगतो काय, एवढें पाहिलें म्हणजे पुरे.