लाल शिंगाचा धनेश आणि सर्वांचा एक आराखडा

बोर्निओ-सुमात्राच्या घनदाट रानात 'हूप' असा एक खणखणीत आवाज येतो. थोड्या वेळाने दुसरा, मग तिसरा. हळूहळू दोन आवाजांमधले अंतर कमी होत जाते आणि शेवटी कुणीतरी खदाखदा हसावे तसा कल्लोळ रानभर घुमतो. हा आवाज हेल्मेटेड हॉर्नबिलचा, म्हणजे डोक्यावर शिरस्त्राण मिरवणाऱ्या धनेशाचा. म्यानमार व थायलंडच्या दक्षिण टोकापासून मलेशिया, ब्रुनेई आणि इंडोनेशियापर्यंतच्या सदाहरित वनांत तो राहतो. सिंगापूरमधून तो केव्हाच नाहीसा झाला आहे.

बहुतेक धनेशांच्या चोचीवरचे शिंग आतून पोकळ असते. याचे मात्र भरीव असते. आपल्या नखांत असते त्याच केराटिनचे हे शिंग, आणि पक्ष्याच्या एकूण वजनाचा सुमारे दहावा हिस्सा एकट्या शिंगाचा. फळांनी लगडलेल्या झाडांजवळ नर हवेतच एकमेकांना शिंगांनी धडका देतात. बाहेरून लालसर आणि आतून पिवळट असलेल्या या शिंगावर हस्तिदंतासारखे बारीक कोरीव काम होते. तेच या पक्ष्याच्या जिवावर उठले. चीनच्या बाजारात या कोरीव वस्तूंना मागणी वाढली आणि २०१३ या एका वर्षात बोर्निओच्या इंडोनेशियन भागातील एकट्या पश्चिम कालिमंतानमध्ये सुमारे सहा हजार पक्षी मारले गेल्याचा अंदाज इंडोनेशियातील अभ्यासकांनी मांडला. २०१५ मध्ये आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेने त्याला 'संकटसमीप' गटातून उचलून थेट 'अतिसंकटग्रस्त' गटात टाकले. मधल्या दोन पायऱ्या त्याने एका फटक्यात ओलांडल्या.

इतकी शिकार सोसण्याची ताकद या पक्ष्यात नाही. विणीच्या काळात मादी जुन्या, उंच झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचे तोंड लिंपून जेमतेम चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते. सुमारे पाच महिने ती आतच असते. तिला आणि एकुलत्या एका पिल्लाला खाऊ घालण्याचा सगळा भार नरावर. तो शिकाऱ्याच्या गोळीला बळी पडला, तर ढोलीतले कुटुंबही वाचण्याची शक्यता फार कमी. त्यात ढोलीची निवडही चोखंदळ: लांब शेपटीच्या या पक्ष्याला बसायला सोयीचा असा ढोलीच्या तोंडाशी उंचवटा लागतो. अशी झाडे मुळात मोजकी, आणि लाकूडतोडीत आधी पडतात ती तीच.

म्हणूनच हा प्रश्न एकट्यादुकट्याने सुटणारा नाही. वनरक्षकाने शिकारी पकडला तरी मागणी असेपर्यंत दुसरा शिकारी उभा राहतो. बंदरावर कस्टम्सने माल अडवला, तोवर पक्षी मेलेलाच असतो. शिकार थांबली आणि झाडे तुटली, तर वीण होणार कुठे? साखळीची प्रत्येक कडी वेगळ्या खात्याच्या, बहुतेकदा वेगळ्या देशाच्या हातात आहे. त्या सगळ्या हातांना एकत्र आणण्याचा प्रयत्न मे २०१७ मध्ये सारावाकमधील कुचिंग शहरात झाला. पक्षिशास्त्रज्ञ, सरकारी अधिकारी, स्वयंसेवी संस्था आणि वन्यजीव-व्यापाराचे जाणकार एकत्र बसले आणि त्यातून २०१८ ते २०२७ असा दहा वर्षांचा आराखडा आकाराला आला. तस्करी रोखणे, उरलेले अधिवास व पक्षी जपणे, स्थानिक समाजांना सोबत घेणे आणि त्यासाठी पैसा उभारणे, हे सारे त्यात एकत्र विणले आहे. त्याआधी २०१६ मध्ये जोहान्सबर्गला झालेल्या साइट्स या वन्यजीव-व्यापारविषयक आंतरराष्ट्रीय कराराच्या परिषदेत या पक्ष्यासाठी स्वतंत्र ठराव झाला होता. इंडोनेशियानेही २०१८ ते २०२८ साठी राष्ट्रीय कृती आराखडा तयार केला.

आराखड्याचे खरे मोल त्याच्या पानांवर ठरत नाही, गावात ठरते. दक्षिण थायलंडच्या बुडो डोंगरात डॉ. पिलाई पूनस्वाद यांनी हे फार आधी ओळखले. १९७८ पासून धनेशांचा अभ्यास करणाऱ्या या शास्त्रज्ञ बाई पिल्ले चोरणाऱ्या गावकऱ्यांशीच बोलल्या आणि त्यांना घरट्यांचे राखणदार केले. कोणत्या झाडावर ढोली आहे, नर केव्हा येतो, हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक असणार? शहरातील माणसे घरटे 'दत्तक' घेतात आणि त्या पैशातून राखणदारांना मोबदला मिळतो. ज्यांच्या हातून नुकसान होत होते त्यांचेच ज्ञान संवर्धनाचे भांडवल झाले.

याच धर्तीवर आपल्याकडे अरुणाचल प्रदेशात पक्के व्याघ्र प्रकल्पाभोवती न्यीशी समाज, वनखाते आणि शास्त्रज्ञ यांनी मिळून धनेशांची घरटी राखली. न्यीशींच्या पारंपरिक टोपीवर खऱ्या चोचीऐवजी फायबरग्लासची चोच आली. परंपरा टिकली आणि पक्षीही.

सह्याद्रीत शिंगाची तस्करी हा मुख्य धोका नाही, पण ढोलीच्या जुन्या झाडांची गरज इथल्या धनेशांनाही तितकीच आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गातले बरेचसे रान खासगी मालकीचे असल्याने एखादा बेहडा किंवा आंबा उभा राहतो की तुटतो, हे जमीनमालक ठरवतो. तेव्हा कोकणातल्या धनेशाचा आराखडा केवळ वनखात्याच्या कार्यालयात बनू शकत नाही. बागायतदार, ग्रामपंचायत, देवराईचे मानकरी आणि लाकडाचे व्यापारी हे सारे त्या बैठकीत हवेत. 'अतिसंकटग्रस्त' हा शिक्का बसल्यावर बोलावलेल्या बैठकीत वाचवायला फार थोडे उरलेले असते. आपल्याकडचे धनेश अजून त्या पायरीवर आलेले नाहीत. एकत्र बसायची हीच वेळ आहे.