‘या की, होईल ॲडजस्ट!’ : गाडीच्या सीटविषयीचे गैरसमज

वसंत पंचमीची पहाट. नांदेड जिल्ह्यातल्या उमरीत एखाद्या घरासमोर सात सीटची गाडी उभी असते. धाकट्या लेकराला अक्षराभ्यासासाठी बासरच्या सरस्वतीला न्यायचंय. मान म्हणून आजोबा पुढं बसतात. लेकरू त्यांच्या मांडीवर, कारण समोरचं दिसलं की ते रडत नाही. मधल्या रांगेत तिघांच्या जागी चौघं आधीच बसलेत. आत्या दाराशी घुटमळतात, तर आतून आवाज येतो, ‘या की आत्या, सरकतो आम्ही. होईल ॲडजस्ट!’ मागच्या रांगेत पोरंसोरं आणि नैवेद्याचे डबे. गाडी चालवणारा पुतण्या वयानं सगळ्यांत लहान. आजोबांना ‘बेल्ट लावा’ म्हणायची त्याची प्राज्ञा नाही.

सरकून जागा करून देणं हा आपल्याकडचा चांगुलपणा. ओसरीवर तो शोभतो, रेल्वेच्या डब्यातही शोभतो. गाडीच्या सीटचं गणित मात्र वेगळं आहे. सीट, बेल्ट, हेडरेस्ट आणि एअरबॅग मिळून एकच यंत्र होतं. एका जागेवर एकच माणूस, पाठ टेकवून, समोर तोंड करून बसलाय असं धरून ते बनवलेलं असतं. आपण सरकलो, रेललो, मांडी घालून बसलो की त्याचा हिशेब चुकतो. सीटविषयीचे बहुतेक गैरसमज ‘सीट म्हणजे नुसती बैठक’ या एका समजातून निघालेत. ते एकेक करून तपासू.

गैरसमज : बेल्ट पुढच्यांसाठी. मागं बसलेल्याला काय होतंय?

वस्तुस्थिती : मराठवाड्यानं या समजाची किंमत मोजली आहे. ३ जून २०१४ च्या सकाळी केंद्रीय मंत्री गोपीनाथ मुंडे दिल्लीत विमानतळाकडं निघाले होते. परळीत त्यांच्या सत्काराची तयारी झाली होती. चौकात दुसरी गाडी धडकली. मुंडे मागच्या सीटवर होते आणि त्यांनी बेल्ट लावलेला नव्हता. मागचा बेल्ट शोभेसाठी असतो या गैरसमजानं आपला मित्र नेला, असं तेव्हाचे आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन यांनी जाहीरपणे म्हटलं होतं. आठ वर्षांनी, ४ सप्टेंबर २०२२ रोजी, पालघर जिल्ह्यात चारोटीजवळच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांची गाडी कठड्यावर आदळली. गाडी महागडी, एअरबॅग असलेली. पुढचे दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले. मागचे दोघे गेले. मागच्या दोघांनी बेल्ट लावले नव्हते, असं पोलिसांनी सांगितलं.

धडकेत गाडी थांबते, पण बेल्ट नसलेला माणूस गाडीच्याच वेगानं पुढं जात राहतो. त्याच्यासमोर पुढच्या सीटची पाठ असते, म्हणजे पुढं बेल्ट लावून शहाण्यासारखा बसलेला माणूससुद्धा मागच्याच्या वजनाखाली चिरडला जातो. बेल्टमुळं पुढं बसणाऱ्यांचा मृत्यूचा धोका ४५ ते ५० टक्क्यांनी आणि मागं बसणाऱ्यांचा २५ टक्क्यांनी कमी होतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. कायद्यालाही मागची सीट वेगळी नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या १३८(३) या नियमानुसार समोर तोंड असलेल्या मागच्या सीटवरच्या प्रवाशांनाही बेल्ट सक्तीचा आहे. तो न लावल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ब मध्ये १००० रुपये दंड सांगितला आहे.

गैरसमज : इथंच तर जायचंय, आणि गाडीही हळू असते.

वस्तुस्थिती : ताशी ५० किलोमीटर हा आपल्याला हळू वाटणारा वेग. या वेगानं जाणारी गाडी झाडावर आदळली, तर शरीराला बसणारा मार सुमारे १० मीटर उंचीवरून, म्हणजे तीन मजल्यांवरून पडल्यासारखा असतो. तिसऱ्या मजल्याच्या कठड्यावर कुणी निवांत रेलून बसत नाही. स्टेशनापर्यंत जायचं असो की नांदेडच्या दवाखान्यात, बेल्ट लावायला लागणारा वेळ तेवढाच असतो.

गैरसमज : लेकरू मांडीवर असलं की सुरक्षित. आपला हात असतो ना त्याच्याभोवती!

वस्तुस्थिती : हिशेब करून पाहू. लेकराचं वजन १० किलो. गाडीचा वेग ताशी ५० आणि धडकेत ती सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली. तेवढ्या क्षणापुरतं ते लेकरू हातात धरून ठेवायला सुमारे १४० किलोंचा जोर लागतो. मोंढ्यातला हमालसुद्धा जवळपास दीड क्विंटल वजन झटक्यात, तेही नुसत्या हातांनी अडवू शकणार नाही. मायेत काही कमी नसतं, हातात तेवढं बळ नसतं एवढंच. त्यात मोठ्या माणसानं बेल्ट लावलेला नसेल तर लेकरू त्याचं अंग आणि डॅशबोर्ड यांच्या मध्ये सापडतं. दोघांना एकाच बेल्टमध्ये घेणं हाही उपाय नव्हे. बेल्ट ताणला गेला की मोठ्याचं सगळं वजन लहान्यावर येतं.

मुलासाठी वेगळी चाइल्ड सीट लागते. तान्ह्या आणि लहान बाळाची सीट मागच्या सीटवर, बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला राहील अशी लावतात. बाळाचं डोकं जड आणि मान कोवळी असते. धडकेच्या वेळी अशा सीटमध्ये डोकं, मान आणि पाठ यांना एकदमच आधार मिळतो. किमान १५ महिन्यांपर्यंत आणि त्यानंतरही जमेल तितके दिवस बाळ असंच बसवावं. पुढच्या सीटवर एअरबॅग चालू असताना अशी चाइल्ड सीट तिथं कधीच ठेवू नये. फुटणारी एअरबॅग थेट बाळाच्या डोक्यामागं आदळते. मूल मोठं झालं की बूस्टर येतं. बूस्टर म्हणजे मुलाला उंच करून मोठ्यांचा बेल्ट बरोबर खांद्यावर आणि कमरेवर आणून देणारी बैठक. मूल साधारण साडेचार फूट उंच होईपर्यंत ती लागते. चौदा वर्षांखालचं मूल बेल्टनं किंवा चाइल्ड सीटनं बांधलेलं नसेल, तर दंडाची जबाबदारी कलम १९४ब नुसार चालवणाऱ्यावर येते.

गैरसमज : एअरबॅग आहेत, मग बेल्ट कशाला?

वस्तुस्थिती : एअरबॅग बेल्टच्या जोडीला दिलेली असते, त्याच्या जागी नव्हे. ती डोळ्यांची पापणी लवण्याआधी, ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास वेगानं फुगते. बेल्टनं धरून ठेवलेल्या माणसाला ती उशीसारखी झेलते. बेल्ट नसलेला माणूस तोवर पुढं फेकला गेलेला असतो, त्याला ती ठोशासारखी लागते. बेल्टचा गजर बंद करायला बकलमध्ये नुसती क्लिप खोचून ठेवणारे किंवा बेल्ट पाठीमागून लावून वर बसणारे, स्वतःच्याच गाडीला फसवतात. असल्या क्लिपा विकणाऱ्या पाच ऑनलाइन बाजारपेठांना त्या काढून टाकण्याचे आदेश केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं मे २०२३ मध्ये दिले.

गैरसमज : सीट एकदा लावली की लावली. चालवणारा स्टेअरिंगजवळ असला की गाडी ताब्यात राहते.

वस्तुस्थिती : एकच गाडी, आणि चालवणारे तिघं भाऊ. एक साडेपाच फूट, एक सहा फूट, एक मध्येच कुठंतरी. हे चित्र आपल्याकडं घरोघरी दिसतं. चप्पल दुसऱ्याची घालता येते, दुसऱ्यानं लावलेल्या सीटवर बसून मात्र गाडी चालवू नये. सीट लावण्याचा क्रम असा :

१. गाडी उभी असताना कंबर सीटच्या कोपऱ्यात पूर्ण मागं सरकवून बसा. मागं पोकळी राहायला नको.

२. क्लच तळापर्यंत दाबा. तेव्हाही गुडघा थोडा वाकलेला हवा. पाय ताठ होत असेल तर सीट पुढं घ्या, गुडघा स्टेअरिंगला लागत असेल तर मागं. शेवटी सीट ‘खट्’ आवाज करून खाचेत बसली का, ते हलवून पाहा. खाचेत न बसलेली सीट ब्रेक मारल्यावर सरकते.

३. उंची कमी-जास्त करायची सोय असेल तर रस्ता आणि मीटर दोन्ही नीट दिसतील एवढी सीट वर घ्या. डोकं आणि छत यांच्यात निदान चार बोटं अंतर ठेवा.

४. पाठ जवळजवळ सरळ ठेवा, किंचित मागं झुकलेली. खांदे सीटला टेकलेले असताना हात लांब केले की मनगट स्टेअरिंगच्या वरच्या कडेवर आलं पाहिजे. मग चालवताना कोपर आपोआप थोडे वाकलेले राहतात.

५. छातीचं मधलं हाड आणि स्टेअरिंगचा मधला भाग यांत किमान २५ सेंटिमीटर, म्हणजे साधारण एक वीत आणि वर दोन बोटं एवढं अंतर हवं. एअरबॅगला फुगायला ती जागा लागते. नवशिके जवळजवळ स्टेअरिंगला मिठी मारून बसतात, त्यांना ताबा मिळत नाही आणि मार मात्र पहिला बसतो.

६. हेडरेस्ट लावा, मग आरसे आणि शेवटी बेल्ट. सीट हलली की आरशातलं चित्रही हलतं, म्हणून आरसे नंतर.

चालत्या गाडीत सीट मागंपुढं करू नये. सीट अचानक मागं गेली तर ब्रेक पायाखालून निसटतो.

गैरसमज : हेडरेस्ट डुलकी घ्यायला. नाहीतर अपघातात काच फोडायला.

वस्तुस्थिती : मागून धडक बसली की धड सीटबरोबर पुढं जातं आणि डोकं मागं राहतं. मान चाबकासारखी झटकते. त्या क्षणी डोकं अडवणं हे हेडरेस्टचं काम. म्हणून तिची वरची कड डोक्याच्या माथ्याच्या रेषेत हवी, आणि डोक्यामागचं अंतर चार बोटांहून कमी. खाली दाबून ठेवलेली हेडरेस्ट मानेच्या मध्येच टेकू देते. त्यानं मान वाचण्याऐवजी तिच्यावरून मागं मुडपते. काही जण ‘मागचं दिसत नाही’ म्हणून मागच्या हेडरेस्ट काढून डिकीत टाकतात, त्यांनी त्या परत लावाव्यात. हेडरेस्टच्या दोन सळ्या काच फोडण्यासाठीच दिल्यात, हा मोबाइलवरून फिरणारा संदेशही खरा नाही. उंची बदलता यावी, सीट दुमडता यावी म्हणून त्या निघतात.

गैरसमज : लांबचा प्रवास आहे, सीट आडवी करून झोपलं की बरं.

वस्तुस्थिती : उमरीहून हैदराबादला किंवा पुण्याला रात्रीचं निघालं की शेजारचा माणूस सीट पार मागं पाडतो. मग बेल्ट अंगापासून सुटतो. धडक बसली तर शरीर बेल्टखालून पुढं घसरतं आणि कमरेचा पट्टा पोटात रुततो. बेल्टचा खालचा पट्टा कमरेच्या हाडांवर बसला पाहिजे, वरचा पट्टा खांद्याच्या मध्यावरून छातीवर. पोट मऊ असतं, हाड मार सोसतं. १९५९ साली व्होल्वो कंपनीतले अभियंते निल्स बोलिन यांनी हा तीन टोकांचा बेल्ट आणला तो याच हिशेबानं, आणि कंपनीनं त्याचं पेटंट इतरांनाही खुलं ठेवलं. थंडीत शाल किंवा जाड स्वेटरवरून लावलेला बेल्ट सैल राहतो. शाल नंतर वरून पांघरावी. डॅशबोर्डवर पाय ठेवून बसणंही तितकंच घातक. एअरबॅग फुगली की गुडघे तोंडावर येतात.

गैरसमज : गरोदर बाईनं बेल्ट लावू नये, बाळाला दाब बसतो.

वस्तुस्थिती : बाळ वाचवायचं तर आधी आई वाचली पाहिजे. खालचा पट्टा पोटाच्या खालून, कमरेच्या हाडांवर घट्ट घ्यावा. वरचा पट्टा दोन्ही स्तनांच्या मधून, पोटाच्या कडेनं जावा. पोटावरून पट्टा कधीच नको. पदराचा बोळा बेल्टखाली येऊ देऊ नये. नांदेडला तपासणीला जाताना ही दोन मिनिटं काढावीतच.

गैरसमज : जाड गादी, गुबगुबीत कव्हर टाकलं की पाठ दुखत नाही.

वस्तुस्थिती : मऊ गादीवर शरीर घसरतं आणि बेल्टची जागा बदलते. काही गाड्यांत बाजूची एअरबॅग सीटच्याच कडेत शिवलेली असते. तिथं साधं कव्हर घट्ट चढवलं तर ती फुगताना अडते, म्हणून अशा गाडीला एअरबॅगसाठी जागा सोडलेलंच कव्हर घ्यावं. पाठदुखीचं कारण बहुधा वेगळं असतं. मागच्या खिशातलं पाकीट काढा, त्यानं कंबर एका बाजूला कलते. कमरेच्या खोलगट भागाला टॉवेलची पातळ गुंडाळी पुरते. दर दोन तासांनी उतरून दहा मिनिटं चाला. पाच जण तिघांच्या जागेत कोंबले, तर कुठलीही गादी कामाला येत नाही.

केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात बेल्ट न लावलेले १६,७१५ जण रस्ते अपघातांत गेले. त्यातले ८,३८४ चालक आणि ८,३३१ प्रवासी. निम्मे जण नुसते बसलेले होते, चालवतही नव्हते.

म्हणून गाडीत जेवढे बेल्ट तेवढीच माणसं, उरलेल्यांना दुसरी फेरी किंवा रेल्वे. आणि ‘बेल्ट लावा’ हे पुतण्यानं सांगायची वाट पाहू नका. आजोबा, तुम्ही आधी लावा. मग गाडीतला एकही जण बिनबेल्टाचा राहणार नाही.