पक्षी गिळणारा मासा

सेशेल्समधल्या फार्कार प्रवाळबेटाजवळ जायंट ट्रेव्हली, म्हणजे गळवाल्यांचा लाडका 'जीटी', पाण्याबाहेर झेपावून उडत्या सुरय पक्ष्यांची पिल्लं गिळतो! २०१७ च्या 'ब्लू प्लॅनेट २' मध्ये हे दाखवलंय.

असा मासा पृष्ठभागावरच्या पॉपरला भुलणारच. पॉपर म्हणजे तोंडाशी खळगा असलेला खोटा मासा. झटका दिला की 'डुबुक्' वाजतं, पाणी उडतं आणि खालून धडक बसते. मग जीटी थेट प्रवाळाकडे सुटतो. दोरी तिथं घासली की खेळ खल्लास. म्हणून रिळाचा ब्रेक आधीच घट्ट करा. गळाचा उलटा काटा पकडीने दाबून टाका, मासा सोडताना जबडा फाटत नाही.

आणि रस्सा? मोठ्या प्रवाळमाशांत सिग्वाटेराचं विष असू शकतं, शिजवूनही ते जात नाही. फोटो काढा, सोडून द्या.