युक्ती नवी की सहज सुचणारी?

वालीवला कारखान्यांचे गाळे पुष्कळ आहेत. समजा, तिथल्या एका कारागिराने कपडे धुण्याच्या यंत्राला एक कळ बसवली. कळ दाबली की पाणी भरते, कपडे घुसळतात, पिळले जातात. सारे ओळीने, आपोआप. तो म्हणतो, “युक्ती माझी. माझ्या परवानगीशिवाय दुसऱ्यानं वापरू नये.” असा हक्क सरकार देते. त्याला पेटंट म्हणतात. तो २० वर्षांचा असतो.

पण कचेरी विचारते, “अशी कळ दुसऱ्या यंत्रांना आधीच आहे. ती इथे बसवणं कुणाही जाणत्या कारागिराला सुचलं नसतं का?” सहज सुचण्याजोगे असेल, तर पेटंट नाही. असे का बरे? नाहीतर साऱ्या कारागिरांची रोजची हातोटी एकट्याच्या मालकीची होईल.

मिर्झापूरचे उदाहरण घ्या. लेथवर भांडे घट्ट धरण्याच्या साधनाचे पेटंट तिथल्या एका भांडी कारखान्याकडे होते. ते १९५१ सालचे. दुसऱ्या कारखान्याशी तंटा झाला. हायकोर्टात पेटंट रद्द झाले, अपिलात पुन्हा कायम झाले. शेवटी १९७८ साली सुप्रीम कोर्टाने ते रद्द केले. जुन्याच साधनातला तो किरकोळ बदल ठरला.

म्हणून अर्ज करण्याआधी युक्ती चारचौघांत दाखवू नका. जुने काय, नवे काय, ते लिहून काढा. मुंबईच्या पेटंट कचेरीने नकार दिला, तर तीन महिन्यांत मुंबई हायकोर्टात अपील करता येते. तिथेही प्रश्न तोच असतो : “यात तुमचं काय?”