काच कोरी, ड्राइव्ह भारी!

शुक्रवारी ऑफिस सुटलं की पुण्याहून थेट हिंगोली, आईच्या हातचं जेवायला! जिंतूर मागे पडतं, औंढा नागनाथ जवळ येतं आणि धो धो पाऊस सुरू होतो. त्यात समोरच्या ट्रकचा अप्पर. काचेवर नुसता उजेड पसरतो, रस्ता गायब!

वायपर बंद पडला की जुने ड्रायव्हर काचेवर तंबाखू चोळायचे. थेंब मोडून पाण्याचा सलग पातळ थर व्हायचा. ‘रेन रिपेलंट’चा फंडा बरोबर उलटा. सिलिकॉनच्या न दिसणाऱ्या थरावर पाण्याचे मणी होतात आणि ताशी ६०-७०च्या पुढे वाऱ्यानेच वर पळतात.

लावायचं कसं? काच धुवा, तेलकटपणा घालवा, पूर्ण कोरडी करा. सावलीत गोल गोल हात फिरवत लावा. धूसर दिसू लागलं की मायक्रोफायबरने स्वच्छ पुसा. इथे आळस केलात, तर रात्री हीच काच डोळ्यांवर चमकेल.

पण बॉस, गाव आलं, स्पीड उतरला की थेंब जागीच बसतात. तिथे वायपरच लागतो. तेव्हा आधी त्याचं झिजलेलं रबर बदला, मग बाटली घ्या. आणि काहीच दिसेना, तर ढाब्यावर थांबा. उशीर झाला तरी आई जागीच असते!